महापेचा क्षेपक

महापेला रेल्वे स्टेशन नाही. घणसोलीला किंवा कोपरखैरण्याला उतरायचं आणि रिक्षा धरायची. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात एमआयडीसीचं औद्योगिक क्षेत्र. इलेक्ट्रॉनिक झोनचे कारखाने, मिलेनियम बिझनेस पार्कच्या इमारती आणि शिळफाट्याकडे अखंड चाललेले कंटेनर. रात्रपाळी असल्यामुळे इथले दिवे कधी मालवत नाहीत. दिवाळीच्या सुमारास, पावसानं धुतलेल्या हवेतही, रात्री आठला गच्चीवरून मान वर केली तर अभिजित, हंस, श्रवण दिसतात, दक्षिणेला मीनास्य दिसतो आणि त्यानंतर नजर बराच वेळ रिकामी फिरते.

अशा जागी दुर्बीण लावणाऱ्याची अडचण भलतीच असते. दुर्बिणीतून दिसण्याजोगं पुष्कळ असतं, पण दुर्बीण कुठे रोखायची ते कळत नाही. हौशी निरीक्षक एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत लक्ष्याकडे जातात. देवयानी दीर्घिकेची वाट तर सगळ्यांना पाठ असते. भाद्रपदाच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून निघायचं, देवयानीतला दुसरा ठळक तारा गाठायचा, तिथे वळायचं, दोन मंद तारे ओलांडले की दीर्घिका. वांगणीला, जिथे खगोल मंडळ कित्येक वर्षं आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेत आलं आहे, ही वाट नवखाही एका रात्रीत शिकतो. महापेत मात्र वळणानंतरचे ते दोन तारे चौथ्या-पाचव्या प्रतीचे असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसतच नाहीत.

मोबाइलवर ॲप आहे, खरं. पण मोबाइलमधलं होकायंत्र काँक्रीटमधल्या लोखंडाजवळ, पाण्याच्या टाकीच्या सांगाड्याजवळ काही अंशांनी सहज चुकतं, आणि दुर्बिणीला काही अंशांची चूक चालत नाही. स्वतः लक्ष्य शोधणारी ‘गो-टू’ दुर्बीण प्रत्येकाच्या खिशाला परवडत नाही. उरतो तिसरा मार्ग, आणि तो मला सगळ्यात आवडतो. लक्ष्य या क्षणी क्षितिजापासून किती अंश वर आहे आणि उत्तरेपासून किती अंश फिरून आहे, ते आपणच काढायचं. म्हणजे उन्नतांश आणि दिगंश. त्यासाठी खिशातला कॅल्क्युलेटर पुरतो. दुर्बिणीच्या लाकडी पाटावर अंशांची छापील पट्टी चिकटवायची. पाट अर्धा मीटर व्यासाचा असेल तर त्याच्या कडेवर एक अंश सव्वाचार मिलिमीटरपेक्षा थोडा जास्त येतो, म्हणजे अर्धा अंशही आरामात वाचता येतो. नळीवर सुतार वापरतात तसलं चुंबकाचं डिजिटल अँगल गेज बसवायचं, की उंचीचा कोन मिळाला.

आता किती अचूक गणित हवं, हा प्रश्न. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला हाच खरा प्रश्न आहे आणि बहुतेक लोक तो शेवटी विचारतात. डॉब्सोनियन पद्धतीच्या आठ इंची दुर्बिणीची नाभीय लांबी साधारण 1200 मिलिमीटर असते. तिला 25 मिलिमीटरचं आयपीस लावलं तर 48 पट मोठं दिसतं आणि एका वेळी आकाशाचा सुमारे एक अंश नजरेत मावतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट. गणित अर्ध्या अंशापर्यंत बरोबर आलं की लक्ष्य आयपीसमध्ये असणार. यापलीकडची अचूकता कागदावर शोभते, गच्चीवर कामाला येत नाही.

ही मोजपट्टी हातात घेतली की खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातली निम्मी प्रकरणं आपसूक गळतात. पृथ्वीच्या अक्षाचं डुलणं सतरा विकलांपर्यंतचं (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला), सोडा. प्रकाशाचं अपेरण वीस विकलांचं, सोडा. हवेतून प्रकाश वाकतो तो 45 अंशांच्या उंचीवर एका कलेइतका, तोही सोडा. ताऱ्यांचे सूचीतले पत्ते हळूहळू सरकवणारं अयनचलन मात्र शंभर वर्षांत 1.4 अंश भरतं. 2000 सालच्या तारकासूचीतले आकडे घेतले तर पंचवीस वर्षांत फरक एक-तृतीयांश अंशाचा. मर्यादेच्या आतलाच आहे, पण त्याच्यावर नजर ठेवायला हवी. आणि एक गोष्ट अशी की ती विसरली तर सगळंच फसतं. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आहे आणि महापे 73.02 अंशांवर. खरी स्थानिक वेळ हातातल्या घड्याळाच्या 38 मिनिटं मागे चालते. आकाशात या 38 मिनिटांचे साडेनऊ अंश होतात.

आता गणित मांडू. ताऱ्याचा पत्ता दोन आकड्यांत असतो, विषुवांश आणि क्रांती. तो जवळजवळ कायमचा, कोणत्याही सूचीत मिळणारा. बदलतो तो नाक्षत्र काल, म्हणजे या घटकेला आपल्या डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेवर किती विषुवांशाचे तारे आले आहेत तो आकडा. पृथ्वीची ताऱ्यांच्या संदर्भातली फेरी 23 तास 56 मिनिटांची असल्यामुळे हा आकडा रोज 0.9856 अंशानं आणि तासाला 15.041 अंशांनी पुढे जातो. खगोलशास्त्रज्ञ यासाठी ज्युलियन दिनांक वापरतात, इसवी सनापूर्वी 4713 पासून मोजलेले दिवस. 21 ऑक्टोबर 2025, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, रात्री आठ वाजता हा दिनांक 2460970.1042 येतो. त्याला पृथ्वीच्या रोजच्या 360.9856 अंशांनी गुणलं की उत्तर 88 कोटी अंशांच्या घरात जातं. नऊ अंक दशांश चिन्हाच्या अलीकडेच खर्च झाले. दहा अंकी यंत्राजवळ दशांशाचं एकच घर उरलं, आणि आपल्याला त्या 88 कोटींतून फक्त 360 च्या आतली शिल्लक हवी आहे.

तेव्हा आरंभ जवळ आणायचा. 1 जानेवारीपासून दिवस मोजायचे, रेखांशाची आणि साडेपाच तासांची वजाबाकी एकदाच करून ठेवायची आणि सगळं एका स्थिर आकड्यात कोंबायचं. 2025 सालासाठी आणि महापेसाठी मी ते करून पाहिलं तेव्हा नियम असा निघाला: नाक्षत्र काल बरोबर 90.2, अधिक 0.9856 गुणिले वर्षातला कितवा दिवस, अधिक 15.041 गुणिले घड्याळातले तास. आकडा 360 च्या वर गेला तर 360 वजा करत राहायचं. 21 ऑक्टोबर हा 294 वा दिवस. 90.2 अधिक 289.8 अधिक 300.8, म्हणजे 680.8. त्यातून 360 गेले, 320.8 अंश उरले. लांबलचक सूत्रानं काढलं तरी उत्तर हेच येतं.

2026 साली हा स्थिरांक 89.96 होतो, 2027 ला 89.72, 2028 ला 89.48. मग लीप वर्षाचा जादा दिवस त्याला परत ओढतो आणि 2029 ला तो 90.23 वर येतो. चार वर्षांच्या फेऱ्यात तो नव्वदच्या आसपासच घुटमळतो. अर्ध्या अंशाची मुभा असलेल्या माणसानं महापेत नुसतं ‘नव्वद’ लक्षात ठेवलं तरी भागतं. दुसऱ्या गावी असाल तर 2025 साठी तुमच्या गावाचा रेखांश अधिक 17.2. नागपूरला 96.3, पुण्याला 91 आणि कोल्हापूरला 91.4.

हे करताना ज्यांची आठवण यायलाच हवी ते गणेश दैवज्ञ महापेपासून फार लांबचे नव्हेत. रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्याजवळ नांदगाव आहे, महापेच्या दक्षिणेला सुमारे पाऊण अंशावर, याच किनारपट्टीवर. तिथे शके 1442 मध्ये, म्हणजे 1520 साली, केशव दैवज्ञांच्या या मुलानं ‘ग्रहलाघव’ रचलं. पुढे शतकानुशतकं महाराष्ट्रात, गुजरातेत, कर्नाटकात पंचांगं त्यावर चालली. आपल्याकडे ज्योतिष म्हटलं की लोक लगेच पत्रिकेकडे वळतात, त्यामुळे या माणसानं गणितात नेमकं काय केलं ते फारसं कोणी सांगत नाही. ते सांगण्यासारखं आहे.

त्या काळी ग्रह कुठे आहे हे काढायचं तर कलियुगाच्या आरंभापासून गेलेले दिवस मोजायचे. त्याला अहर्गण म्हणतात. 1520 मध्ये तो सोळा लाखांच्या वर गेला होता. दर ग्रहासाठी एवढी संख्या गुणायची, भागायची, तीही पाटीवर आणि धुळीत. गणेशांनी आरंभ आपल्या काळात आणला आणि वर अकरा-अकरा वर्षांची चक्रं पाडली. एक चक्र 4016 दिवसांचं. त्यामुळे अहर्गण कधीच 4016 च्या पुढे जात नाही, तो चार अंकांत बसतो. आरंभकाळची ग्रहांची स्थानं एकदाच काढून ग्रंथात दिली, ती झाली क्षेपकं. दर चक्राला किती फरक पडतो तेही दिलं, ते झाले ध्रुव. पंचांगकर्त्यानं चक्रं मोजायची, ध्रुवानं गुणायचं, क्षेपक मिळवायचा. माझा नव्वदचा आकडा दुसरं काय आहे? महापेचा क्षेपकच आहे तो, आणि चार वर्षांचा फेरा हे त्याचं चक्र.

गणेश एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी ज्या आणि चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइन आणि त्याचं उलट, ग्रहगणितातून काढूनच टाकले. सारणी पाठ करायला नको, जवळ बाळगायला नको. त्यांच्या जागी साध्या बेरीज-गुणाकार-भागाकारांची सूत्रं बसवली, जी साइनच्या इतकी जवळ जातात की पंचांगाच्या कामाला फरक जाणवू नये. अशा सूत्रांची परंपरा आपल्याकडे जुनी होती. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्करांचं एक सूत्र आजही वाण्याच्या गल्ल्यावरच्या चार क्रियांच्या कॅल्क्युलेटरवर चालतं. कोनाला 180 वजा कोनानं गुणायचं. या गुणाकाराची चौपट वर लिहायची आणि खाली 40500 मधून तोच गुणाकार वजा करून लिहायचा. तीस अंशांसाठी करून पाहा, 18000 भागिले 36000, बरोबर अर्धा. महापेच्या अक्षांशासाठी, 19.11 अंशांसाठी, उत्तर 0.3286 येतं. खरा साइन 0.3274 आहे. तिसऱ्या दशांशातली चूक.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या 1896 सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त गणेश दैवज्ञांचा सविस्तर विचार आहे आणि मराठी वाचकानं तो मुळातून वाचावा. मला त्यात दिसतं ते हे की नांदगावच्या या गणितज्ञाला अचूकता आणि पुरेशी अचूकता यांतलं अंतर नेमकं ठाऊक होतं. काय टाकून द्यायचं ते ज्याला कळतं त्याचाच हिशेब खिशात मावतो. अर्थात टाकलेलं साचत जातं. तीनशे वर्षांनी ‘ग्रहलाघवा’तली स्थानं आकाशाशी जुळेनाशी झाली आणि केरो लक्ष्मण छत्रे यांना 1860 मध्ये पाश्चात्त्य गणिताच्या आधारानं ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ मराठीत आणावी लागली. त्यानं गणेशांचं काम खोटं ठरत नाही. तीनशे वर्षं चाललेला शॉर्टकट मला तरी दुसरा माहीत नाही.

विसाव्या शतकात हीच कसोटी यंत्रांनी पुन्हा पुढे आणली. 1972 मध्ये ह्युलेट-पॅकार्डचा एचपी-35 आला, साइन-कोसाइन काढणारा खिशातला पहिला कॅल्क्युलेटर. किंमत 395 डॉलर. दोन वर्षांनी आलेल्या एचपी-65 मध्ये तुम्ही स्वतः शंभर पायऱ्यांचा प्रोग्राम लिहून चुंबकीय पट्टीवर साठवू शकत होता. त्याचे 795 डॉलर, तेव्हाच्या आठ रुपयांच्या भावानं सहा हजारांहून जास्त. 1975 मध्ये अपोलो-सोयूझ मोहिमेत तो अवकाशात गेला. त्याच वर्षीच्या एचपी-25 मध्ये 49 पायऱ्या आणि आठ स्मृतिकोश होते, आणि बंद केला की सगळं पुसलं जायचं. पुढच्या वर्षीच्या 25-सी मध्ये ते टिकू लागलं. 1977 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-59 आला तेव्हा पायऱ्या 960 पर्यंत गेल्या. 1979 चा एचपी-41सी तर स्पेस शटलमधल्या अंतराळवीरांच्या हातात होता.

त्याच 1979 साली दोन पुस्तकं आली. बेल्जियमच्या जाँ मेयस यांचं कॅल्क्युलेटरसाठीच्या खगोलसूत्रांचं, आणि केंब्रिजच्या पीटर डफेट-स्मिथ यांचं ‘प्रॅक्टिकल ॲस्ट्रॉनॉमी विथ युवर कॅल्क्युलेटर’. आपल्याकडे करणग्रंथ नावाचा प्रकार होता. सिद्धांत बाजूला ठेवून, जवळचा आरंभ धरून, फक्त करायची रीत सांगणारा. दुसऱ्या भास्कराचार्यांचं ‘करणकुतूहल’ तसं आणि ‘ग्रहलाघव’ही तसंच. मेयस आणि डफेट-स्मिथ यांची पुस्तकं मी याच रांगेत ठेवीन.

49 पायऱ्यांत हे सगळं कसं मावायचं, हे पाहण्यात मला अजूनही आनंद होतो. एचपीची पद्धत उलटी होती, आधी आकडे भरायचे आणि क्रिया मागून सांगायची. कंस लागत नसत, पायऱ्या वाचत. आणि कळफलकावर दोन कळा होत्या, ज्यांकडे शाळेतली मुलं आजही वळून बघत नाहीत. एक कळ लांबी आणि कोन घेऊन त्यांचे आडवे-उभे भाग करते, दुसरी आडव्या-उभ्या भागांवरून लांबी आणि कोन देते. कॅसिओवर त्यांची नावं रेक आणि पोल. ताऱ्याचा विषुवांश-क्रांतीतला पत्ता आपल्या क्षितिजाच्या भाषेत आणणं म्हणजे आकाशाचा गोल अक्षांशाच्या हिशेबानं तिरका करणं, आणि तिरकं करण्याचं काम या दोन कळा आलटून-पालटून दाबून होतं.

आज महापेच्या कंपन्यांत काम करणाऱ्या कितीतरी इंजिनिअरांच्या टेबलाच्या खणात कॉलेजातला कॅसिओ एफएक्स-991 पडून असेल. परीक्षेत प्रोग्राम करता येणारा कॅल्क्युलेटर चालत नाही म्हणून घेतलेला साधा कॅल्क्युलेटर. पण त्यात कॅल्क नावाची कळ आहे. सूत्र अक्षरांत एकदा लिहायचं, कॅल्क दाबायचं, मग तो प्रत्येक अक्षराची किंमत विचारतो. दुसऱ्या ताऱ्यासाठी पुन्हा कॅल्क, नव्या किमती. बंद केला की सूत्र जातं, जुन्या एचपी-25 सारखंच. गच्चीवरच्या एका रात्रीला तेवढं पुरे.

देवयानी दीर्घिकेचा विषुवांश 10.68 अंश, क्रांती उत्तर 41.27. नाक्षत्र काल 320.8. त्यातून विषुवांश वजा केला की होराकोन येतो 310.1, म्हणजेच उणे 49.9. दीर्घिका अजून डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेच्या पूर्वेला आहे. अक्षांश 19.11. उन्नतांशाचा साइन म्हणजे अक्षांश आणि क्रांती यांच्या साइनांचा गुणाकार, अधिक दोघांच्या कोसाइनांचा आणि होराकोनाच्या कोसाइनचा गुणाकार. उत्तर 0.6734. उन्नतांश 42.3 अंश.

दिगंशात मात्र एक सापळा आहे. पुस्तकात सहसा कोसाइनचं सूत्र असतं आणि त्यानं देवयानीचा दिगंश 51 येतो. आता त्याच क्षणी अभिजितसाठी करा. विषुवांश 279.2, क्रांती उत्तर 38.78. उन्नतांश 49, दिगंश 52. एक अंशाच्या फरकानं तोच! पण गच्चीवर उभा राहिलेला कोणीही सांगेल की अभिजित वायव्येला उतरतो आहे आणि देवयानी ईशान्येला, पारसिकच्या डोंगरावरून वर चढते आहे. कोसाइन उलटा केला की यंत्र शून्य ते 180 यांतलाच कोन देतं. पूर्व आणि पश्चिम त्याला एकच. होराकोन धन असेल तर उत्तर 360 मधून वजा करायचं, हे माणसानं लक्षात ठेवायचं. थंडीत, अंधारात, हातात टॉर्च धरून असलेला माणूस नेमकं तेच विसरतो.

म्हणून पोल. उत्तरेकडचा भाग एका सूत्रात काढायचा: क्रांतीचा साइन गुणिले अक्षांशाचा कोसाइन, वजा क्रांतीचा कोसाइन गुणिले अक्षांशाचा साइन गुणिले होराकोनाचा कोसाइन. पूर्वेकडचा भाग दुसऱ्यात: उणे क्रांतीचा कोसाइन गुणिले होराकोनाचा साइन. दोन्ही पोलला द्यायचे. देवयानीसाठी 0.465 आणि 0.575 दिले की तो 51 सांगतो. अभिजितसाठी 0.401 आणि उणे 0.517 दिले की उणे 52.2 सांगतो, म्हणजे 307.8. दिशा त्यानं स्वतः ओळखली. ज्या कुणी पन्नास वर्षांपूर्वी ही कळ खिशातल्या यंत्रावर बसवली त्याचे आभार मानावेत असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

अभिजितचं गणित फुकट जात नाही. दुर्बीण तो दिसतो तिकडे रोखायची आणि पाटावरचा काटा 307.8 वर सरकवायचा. होकायंत्र नको, ध्रुवतारा नको, आणि ऐरोली-ठाण्याच्या उजेडात जेमतेम 19 अंशांवर असलेला ध्रुव महापेत शोधणं हे वेगळंच कष्टाचं काम आहे. पाट मात्र समतल हवा, त्यासाठी गवंड्याचा स्पिरिट लेव्हल. मग नळी 51 वर वळवायची, 42.3 वर चढवायची. आयपीसमध्ये धूसर, मधोमध उजळ डाग दिसतो. महापेच्या आकाशात त्या दीर्घिकेचे बाहू दिसत नाहीत, दिसतो तो फक्त गाभा. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा. घड्याळ मिनिटभर चुकलं तर पाव अंश, हे लक्षात ठेवून गणित पाच मिनिटं पुढच्या वेळेचं करावं आणि त्या वेळेची वाट बघावी.

तारे आणि दीर्घिका एका जागी असतात. ग्रह आणि धूमकेतू चालतात, आणि तिथे लंबवर्तुळाकार कक्षेत ग्रह कोणत्या वेळी कुठे असेल ते सांगणारं केप्लरचं समीकरण आडवं येतं. ते सरळ सुटत नाही, अंदाज घेऊन पुन्हा पुन्हा सुधारावं लागतं. इथेही कॅसिओ मदतीला येतो. मंगळाची कक्षा 0.0934 इतकी लांबट आहे. अंशांत आणण्यासाठी त्याला 57.3 नं गुणलं की 5.35. मध्यम कोन, म्हणजे ग्रह सारख्या वेगानं फिरला असता तर झाला असता तो, 30 असेल तर आधी 30 टाकून बरोबरची कळ दाबायची, मग 30 अधिक 5.35 गुणिले साइन ‘आन्स’ (म्हणजे मागचं उत्तर) असं लिहायचं आणि बरोबरची कळ दाबत राहायचं. 32.68, 32.89, 32.91, 32.91. आकडा हलायचा थांबला की उत्तर आलं. यापुढे ग्रहाची जागा, पृथ्वीची जागा, दोघांची वजाबाकी आणि पुन्हा पोल.

हॅलेच्या धूमकेतूसाठी ही रीत रखडते. त्याची कक्षा 0.967 इतकी लांबट आहे आणि सूर्याजवळ आल्यावर साध्या फेऱ्या संपता संपत नाहीत, न्यूटनची रीत घ्यावी लागते. 9 फेब्रुवारी 1986 ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता. मुंबईतलं खगोल मंडळ त्याच काळात, 1985 मध्ये उभं राहिलं. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासूनची, वरळीचं नेहरू तारांगण 1977 चं. लॉग टेबल वापरून वाढलेली आणि कॅल्क्युलेटर नवा-नवा हाताळणारी अशा दोन पिढ्या तेव्हा एकाच धूमकेतूकडे बघत होत्या.

ग्रहगणिताच्या मराठी परंपरेतलं शेवटचं मोठं नाव वेंकटेश बापूजी केतकरांचं. जन्म 1854, व्यवसाय शिक्षकाचा, वास्तव्य बागलकोट-विजापूरच्या सीमाभागात. ‘ज्योतिर्गणित’ लिहिणाऱ्या या शिक्षकानं 1911 मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या ग्रहांचं भाकीत छापलं. त्यातल्या एकाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या जवळजवळ 39 पट येत होतं. 1930 मध्ये प्लूटो सापडला तो साडेएकोणचाळीस पटीवर. हा योगायोग होता असं आज मानतात, कारण प्लूटो फार हलका आहे. पण कॅल्क्युलेटर नसताना, सीमाभागातल्या गावात बसून, नेपच्यूनच्या पलीकडे हिशेब नेण्याची हिंमत योगायोग नव्हती.

नेपच्यून स्वतः महापेतून बघता येतो, हे अनेकांना खरं वाटत नाही. 2025 च्या दिवाळीत तो मीन राशीत होता, आठव्या प्रतीच्या जवळपास, डोळ्यांना अदृश्य पण आठ इंची दुर्बिणीला सहज. सूर्याभोवती एका फेरीला त्याला 165 वर्षं लागतात, त्यामुळे त्याचा विषुवांश आणि क्रांती एकदा काढली की आठवडाभर चालते, रोज बदलायचा तो फक्त नाक्षत्र काल. गणित तुम्हाला एक अंशाच्या वर्तुळापर्यंत नेऊन सोडतं आणि त्या वर्तुळात दहा-बारा ठिपके असतात. त्यांचं चित्र काढून ठेवायचं. आठवड्यानं तीच जागा, तेच आयपीस, दुसरं चित्र. आठ-दहा कलांनी सरकलेला ठिपका नेपच्यून असतो.